मुरमाखालची पायवाट

मी पायवाट बोलतेय. देवणीजवळ जो गवताळ माळ चढत-उतरत लांब जातो, त्याच्या पाठीवरची. शोधायला येऊ नका, दिसणार नाही. माझ्या अंगावर वीतभर मुरूम पडलाय आणि मी त्याच्याखालून बोलतेय. आवाज चढलेला वाटला तर वाटू द्या. मी रागावलेलीच आहे.

मला कुणी आखलं नाही, मला गुरांनी पाडलं. देवणी गाय अंगानं भारी. ती उगाच छातीवर चढ घेत नाही. टेकडीला बगल देत, वळसे घेत, दम राखत वर जाते. तिच्यामागं गुराखी, गुराख्यामागं भाकरी घेऊन येणारी बाई, असं करत करत मी झाले. दोन्ही बाजूंना कमरेइतकं पवना गवत आणि मधे मी हातभर रुंद. याहून जास्त रुंदी मला कधी लागली नाही.

सरजाबाईनं माझ्यावरून जन्मभर गुरं वळली. तिची लेक मनिषा उजाडलं की माझ्यावर पळायला यायची. तिला पळायला कुणी शिकवलं नव्हतं. घरात एक हूड कालवड होती, शेपूट वर करून उधळायची. तिला गाठता गाठता पोरगी पळायला शिकली. मला पायांची पारख आहे. लग्नाला निघालेले पाय, भांडून निघालेले पाय, झिंगत परतणारे पाय, सगळे सोसलेत. मनिषाचे मला सगळ्यांत आवडायचे, हे मी लपवत नाही.

गेल्या दिवाळीआधी नांदेडच्या शिल्पा मॅडम देवणीत एका लग्नाला आल्या होत्या. मुलींना धावायला शिकवतात त्या. सकाळी फिरायला माळावर आल्या आणि मनिषाला चढावर पळताना बघून जागच्या जागी थांबल्या. मग माझ्यावरून स्वतः वरपर्यंत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "डोंगरावरची शर्यत यंदा इथंच घेऊ." शर्यतीत पुढं येणाऱ्या मुलींना नांदेडला ठेवून शिकवणार होत्या.

सरजाबाईनं विचारलं, "राहायचं, खायचं?"

"सगळं आमच्याकडं."

"मंग जाऊ द्या की लेकराला. हितं तरी गुरामागंच पळून राहिली."

मनिषा त्या दिवशी मला तीनदा पळून आली. एवढा आनंद कुणाला झालेला मी पाहिला नव्हता.

आता सरपंच अमृतराव. माणूस वाईट नाही, हेच दुखणं आहे. वाईट असता तर चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते. पण आमच्याकडं पाहुणा येणार म्हटलं की आधी घर झाडायचं सोडून घराचा रंगच बदलतात. अमृतरावांनी पारावर सगळ्यांना सुनावलं, "नांदेडचे पाहुणे येऊन राहिले, अन् आपून त्यायला ढोराच्या वाटंनं पळवायचं? गावाला इज्जत हाय का न्हाई?"

आणि जेसीबी आला.

माझी वळणं त्याला आळशीपणा वाटली असावीत. त्यानं पायथ्यापासून माथ्यापर्यंत सरळ रेघ मारली. गवताचे गड्डे मुळासकट उलटे पडले. मनिषा धावत आली. "सरपंचकाका, थांबवा! मॅडमला हीच वाट पायजे हाय!"

"तू गप गं. तुझ्यासाठीच करून राहिलो."

अमृतरावांच्या खिशात फोन होता. मॅडमना एक विचारायचं होतं, बस. पण त्या फोनवर ते जेसीबीचे फोटो काढत होते! शेवटी मनिषानंच मॅडमना फोन लावला. तोवर अर्धी टेकडी उसवली होती, आणि मॅडम उद्याशिवाय पोचणार नव्हत्या. उरलेली संध्याकाळपर्यंत उसवली आणि वर मुरूम पडला.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. अमृतराव शाल-नारळ घेऊन उभे. "बघा म्याडम, कसं गुळगुळीत केलंय! आता पोरीबाळीचे पाय दुखायचे न्हाईत."

मॅडम थोडं चढल्या. सुट्या मुरमावर पाय घसरला, हात टेकून उठल्या. "साहेब, आम्हाला वाट पाहिजे होती. रस्ते नांदेडात भरपूर आहेत."

"वाट कुठं पळायची असती का म्याडम?"

मॅडमनी शर्यत इस्लापूरकडच्या डोंगरात नेली. मनिषाला म्हणाल्या, "तिकडं ये. निवड शर्यतीतूनच होणार, माझ्या हातात दुसरं काही नाही." शर्यत सकाळी सहाला. इस्लापूर नांदेड जिल्ह्याच्या पार त्या टोकाला. आदल्या दिवशी निघून तिथं मुक्काम करायला हवा. ओळखीचं कुणी नाही, आणि त्याच आठवड्यात सरजाबाईची गाय व्यायला टेकलेली. मनिषा गेली नाही. शर्यतीच्या सकाळी ती इथं मुरमावर येऊन बसली आणि मुठी भरभरून खडे खाली भिरकावत राहिली. काही मला लागले. लागू देत. तिचा राग माझाच होता.

त्या सरळ रेघेवर आता गुरंसुद्धा चढत नाहीत. यंदाच्या पावसात पाणी तिच्यावरून सुसाट खाली गेलं आणि मुरूम शेतात जाऊन बसला. ज्यांच्या शेतात बसला ते अमृतरावांना नाही, पावसाला शिव्या देतात. वा रे शहाण्यांनो!

मनिषा मात्र पळते. माझ्या शेजारून, गवतातून, वळसा घेत घेत. तिच्या मागून सरजाबाईची गुरं. तिथं गवत आता दबायला लागलंय, एक बारीक भांग पडलाय. पुढची शर्यत मॅडम पुन्हा इथं घेणार का, कुणाला ठाऊक नाही. तिनं विचारलेलंही नाही.

परवा अमृतराव आले. ओशाळलेले होते, मान खाली. तो भांग बघून त्यांचा चेहरा खुलला. "अगं मनिषा, मनाला लई लागून राहिलं बघ. एक काम करू का? हितं बी मुरूम टाकून देतो. तुला पळायला सोपं जाईल."

मनिषानं त्यांच्याकडं पाहिलं. "टाका. मी त्याच्या बाजूनं पळीन."

अमृतराव खरोखरच काही कळलं नाही अशा चेहऱ्यानं घरी गेले. म्हणून मला झोप नाही. त्यांना कुणीतरी सांगा रे. माझं व्हायचं ते झालं, मला कुणी खणून काढू नका. पण ती शेजारची पोर अजून पुरती वाटही झालेली नाही. तिचं भलं करायला जाऊ नका.