दाराबाहेरचा बाक

मित्रांनो, भूर्जाच्या लाकडाचा एक जुना बाक तुमच्याशी बोलतो आहे. मी मूळचा कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या प्रिन्स अल्बर्ट गावचा. ऐन उमेदीत मी तिथल्या इस्पितळात बाळंतिणींच्या खोलीबाहेर असायचो. होणारे बाप माझ्यावर बसून नखे कुरतडायचे आणि आतून बाळाचे रडणे ऐकू आले की आनंदाने मलाच थोपटायचे. काय ते दिवस होते! पुढे तिथे मऊ खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी एका नर्सिंग कॉलेजात, कोवालचुक मॅडमच्या दाराबाहेर झाली. मॅडम मुलींना औषधांच्या मात्रेचे गणित शिकवत.

तिथे क्वचितच कुणी यायचे. खिडकीतून हिवाळ्याचे पातळ ऊन पडायचे, बाहेर बर्फ अलगद उतरत राहायचा आणि मी अर्धवट झोपेत पुन्हा झाड व्हायचो.

अशाच झोपेत एकदा डार्लीन येऊन बसली. उत्तरेकडच्या क्री आदिवासींच्या वस्तीतली ही पोर कामाला चटपटीत, पण मात्रेच्या गणितात एकदा नापास झालेली. पुन्हा तेच झाले तर कॉलेज सुटणार होते. दर मंगळवारी ती यायची, दारावरची 'कार्यालयीन वेळ' ही पाटी वाचायची आणि गुपचूप बसून राहायची. वेळ संपली की मॅडम कोट चढवत घाईने बाहेर पडायच्या आणि हिची जीभ टाळ्याला चिकटायची. मला सगळे कळत होते, पण बाकाला कुठले तोंड?

परीक्षेच्या आदल्या मंगळवारी तिला हुंदका आवरला नाही. दार उघडले.

"अगं, इथं का बसलीस?"

"तुमचं काम संपायची वाट बघतेय, मॅडम. पाटीवर लिहिलंय ना, ऑफिसची वेळ. म्हटलं, तुमच्या कामात मध्येच कशाला कडमडायचं?"

मॅडम आधी हसल्या, मग त्यांचा चेहरा पडला. "वेडाबाई, ती वेळ तुम्ही शंका घेऊन आत यावं म्हणूनच असते! आणि मी आत माशा मारत बसलेय. वाटलं, पोरींना माझी गरजच नाही."

त्या आत गेल्या नाहीत, माझ्यावरच टेकल्या. मला फार बरे वाटले.

"घरी कोण असतं गं?"

"आजी. तिला इन्सुलिन मीच द्यायचे."

"एका मिलीत शंभर युनिट. आजीला वीस हवेत. किती भरशील?"

"मिलीचा पाचवा हिस्सा."

"बघ, पटकन सांगितलंस! मग पेपरात कुठलं भूत बसतं मानगुटीवर?"

"पेपरात आजी नसते ना, मॅडम."

"मग यंदा आजीला घेऊनच बस पेपराला. प्रत्येक गणितातला पेशंट तीच."

मग डार्लीनच्या डब्यातली बॅनक भाकरी मोडून खात दोघी गणिते करत बसल्या. काचेवर बर्फाची फुले उमटत होती.

डार्लीन पास झाली, एकही गणित न चुकता. मॅडमनी ती पाटी काढली आणि नव्या पाटीवर जाड अक्षरात लिहिले, 'मी रिकामीच आहे. आत या.' आता पोरी येतात त्या थेट आतच घुसतात. दारामागून कॉफीचा वास येतो, हसणे येते, कधी रडणेही. ते ऐकत मी डुलक्या घेतो.

माझे वार्निश उडाले आहे, पायही डुगडुगतो. जुन्या वस्तूंनी शेवटी 'आम्हाला जपा' म्हणायचे असते म्हणे. माझे मागणे वेगळे आहे. मित्रांनो, तुमच्याही शाळेत कुणाच्या तरी दाराबाहेर एखादा बाक असेल. त्याच्यावर फार वेळ बसू नका. आत कुणीतरी तुमचीच वाट पाहत असते. दार वाजवा.