मागच्या रेघेजवळचा खळगा

"बनुबाई, हा खळगा आज बुजलाच पाहिजे!"

टेनिस क्लबाचे सेक्रेटरी मानसिंगराव कोर्टावर लंगडत होते. मागच्या चुन्याच्या रेघेपाशी त्यांचा पाय मुरगळला होता. पायापेक्षा नुकताच हरलेला सेट त्यांना जास्त दुखत होता, हा भाग वेगळा.

"बुजवती की," बनुबाई म्हणाली. हे ती दोन वर्षं म्हणत होती.

सांगलीतलं हे शेणामातीचं कोर्ट ती रोज सकाळी सारवायची. दुष्काळी माण तालुक्यातून नवऱ्यामागं इथं आली. नवरा गेला, कोर्ट राहिलं. टेनिसमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण संध्याकाळी जमिनीवर उठलेले पाय बघून कोण पळालं आणि कोण नुसतंच उभं राहिलं, हे ती अचूक सांगायची. हळदीच्या व्यापाऱ्याचा महावीर सर्व्हिस करताना उजव्या पायाचा अंगठा ओढायचा. रोज तिथं खळगा पडायचा. ती रोज बुजवायची आणि रोज त्याला झापायची, "अंगठा हाय का नांगराचा फाळ रं?"

चौऱ्याहत्तर साली महावीर देशातल्या ज्युनियर खेळाडूंत पहिला आला आणि मोठ्या व्यावसायिक खेळाडूंत उतरायला परदेशी गेला. जायच्या आदल्या संध्याकाळचा खळगा तिनं बुजवलाच नाही. भोवतीनं सारवायची, तेवढा सोडायची. तिला पोरबाळ नव्हतं. महावीरची आठवण फार यायची, आणि ती सांगायची तरी कुणाला?

मानसिंगरावांचा पाय मुरगळला त्याच्या चौथ्या दिवशी महावीर समोर उभा राहिला. गालफडं बसलेली, बूट मात्र भारी.

"जिंकलास का रं तिकडं?"

"पहिल्याच फेरीत हरतोय मावशी. दर खेपेला. हितली सर्व्हिस तिथं चालंना, म्हणून तिथल्या मास्तरनं पाय टाकायची पद्धत बदलली. आता ही बी न्हाई न् ती बी न्हाई." तो घुटमळला. "माझा खळगा बुजवला असशील न्हवं?"

तिनं नुसतं बोट दाखवलं.

महावीर रेघेपाशी गेला. मग त्यानं खळग्यात अंगठा रोवला आणि चेंडू वर उडवला. चेंडू जाळीत. दुसराही जाळीत. टोपलीभर चेंडू संपले. प्रत्येक वेळी पाय आपोआप उचलला जात होता. अंगठा काही केल्या ओढला जात नव्हता.

"न्हाई जमत," तो खाली बसत म्हणाला. "त्यो पाय माझा ऱ्हायला न्हाई मावशी."

मग ऱ्हा की हितंच, असं बनुबाईच्या अगदी ओठावर आलं.

"परत कवा जायाचं?" तिनं विचारलं.

"सोमवारी. आणिक एक वरीस बघतो."

"मग सरक बाजूला."

तिनं माती कालवली, खळगा भरला, तळव्यानं थोपटला आणि वरून सारवलं. "उद्या वाळंल. नव्या पायानं खेळ. जुना कशाला धुंडाळतोस?"

रविवारपर्यंत तो रोज खेळला. सोमवारी गेला.

त्या संध्याकाळी मातीची टोपली घेऊन बनुबाई सवयीनं रेघेपाशी बसली. जमिनीवरून तिनं हात फिरवला. नवा पाय उचलून पडायचा, त्यानं इतक्या दिवसांत खळगा पाडलाच नव्हता. बुजवायला काही नव्हतं. मग भरली टोपली उचलून परत निघाली.