भागिरथाबाईचा हात

भागिरथाबाईच्या हातानं पहिला बळी घेतला तो टेबलफॅनचा.

चैतातली दुपार, इंझोरीत लाइन गेलेली, आणि बाईच्या बेंबीखालून तो ताव उठला. पोटात कुणी भट्टी पेटवावी तसा उठला, छातीवर चढला, मानेवरून कानात शिरला. समोर बंद पडलेला फॅन तोंड वासून उभा. बाईनं त्याची मान धरली आणि असा भिरकावला की खिडकीचे गज वाकवून तो सरळ अंगणातल्या विहिरीत गेला. फॅन पडल्यावर विहिरीचं पाणी उकळलं असं जे सांगतात ते साफ खोटं आहे. फक्त कोमट झालं.

दुसरा बळी कोंबड्याचा. रात्रभर घामानं अंथरूण पिळून काढल्यावर पहाटे कुठं बाईचा डोळा लागला होता. कोंबड्याची बांग अर्धी बाहेर आली, उरलेली अर्धी नरड्यातच राहिली. दुपारी रस्सा खाताना घास उतरला आणि पोटातून बारीकशी बांग ऐकू आली, असं तिचा मुलगा रवी आजही शपथेवर सांगतो.

तिसरा होता शेजारचा शेषराव. तो चहाला आला आणि बशी फुंकत म्हणाला, "वहिनी, तुमची तं आता मजाच मजा. पिशवी काढली, कटकट गेली. आराम करा बाप्पा."

आराम हा शब्द पुरता झाला नाही. पितळी लोटा त्याच्या तोंडावर बसला. पुढचा दात उडाला तो ग्रामपंचायतीच्या पत्र्यावर जाऊन वाजला, आणि आत पाण्याच्या टाकीवरून भांडत बसलेले मेंबर गारा पडल्या समजून सोयाबीन झाकायला पळाले. चैतात सोयाबीन कुठलं, हे त्यांना घरी पोचल्यावर आठवलं.

गाव हसत होतं. भागिरथाबाई हसत नव्हती.

चव्वेचाळीस वर्षांत तिनं कुणावर हात उचलला नव्हता. जीभ तिखट होती, ते सारं गाव जाणून होतं. तिच्या एका वाक्यानं नवरदेव मांडवातून परत गेलेले आहेत. पण हात गरीब होता. दोन वर्षं अंगावरून जाऊन जाऊन बाई पांढरी पडली, तेव्हा संक्रांतीच्या सुमारास शहरातल्या एका दवाखान्यात तिची गर्भपिशवी काढली. टाके सुकले, आणि त्यानंतर हे सुरू झालं. ताव, घाम, सांध्यांत ठणका, झोपेचं नाव नाही, आणि वर हा राग. राग असा, की आधी हात जाऊन यायचा आणि मग बाईला कळायचं. धम्मदीपानं, म्हणजे सुनेनं, वाळत घातलेल्या कुरड्या सासूच्या पाठीशी टेकवल्या तर ऊन न लागता वाळत. यंदा भीमजयंतीच्या मिरवणुकीला बाई पहिल्यांदाच गेली नाही. निळी साडी नेसून दारात बसून राहिली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. गर्दीत कुणाचा धक्का लागला तर काय करून बसेन, याचा तिला नेम नव्हता.

आणि मग तो दिवस आला. चार वर्षांची नात स्नेहा, तिनं चुलीजवळचं दूध सांडलं. एवढंच.

बाईच्या हातात उलथणं होतं. हात उठला. उलथणं पोरीच्या कानाजवळून सूं करत गेलं आणि भिंतीत घुसलं, ते पलीकडं शेषरावच्या घरात वीतभर बाहेर निघालं. शेषरावनं त्यावर पुढं बरीच वर्षं सदरा अडकवला.

स्नेहा रडली नाही. ती मागं मागं सरकत गेली, गव्हाच्या कोठीमागं जाऊन बसली आणि तिथून आजीच्या तोंडाकडं नाही, हाताकडं पाहत राहिली.

भागिरथाबाई उठली. गोठ्यात गेली. तिथं कडबा कापायचं कुट्टी मशीन होतं. त्याच्या तोंडात तिनं उजवा हात कोपरापर्यंत घातला आणि ओरडली, "धम्मदीपा! बटन दाब!"

धम्मदीपा धावत आली. पाहिलं. ही पोरगी मुळातच थंड डोक्याची. ती म्हणाली, "आत्याबाई, लाइन नाही."

"कवा येईन?"

"चार वाजता. तवापर्यंत रिकामं बसण्यापेक्षा कारंज्याले जाऊन येऊ. डॉक्टरीणबाईले दाखवू. तिनं काही नाही केलं तं मी सोता बटन दाबतो."

स्नेहाला शेजारच्या रूपाकडं ठेवलं आणि दोघी जीपमध्ये बसल्या. बाईनं वाटभर उजवा हात पदरात गुंडाळून ठेवला होता, साप पकडून न्यावा तसा.

कारंज्याच्या डॉक्टरीणबाईनं सगळं ऐकलं, तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली आणि चष्मा काढला.

"मावशी, पिशवीसोबत तुमची दोन्ही अंडाशयंही काढली आहेत. माहीत आहे?"

"ते काय असते?"

"पाळीचा सगळा कारभार तीच चालवतात. बाईची पाळी जाते ती हळूहळू, चारपाच वर्षं घेत. अंगाला सवय होते. तुमची एका दुपारात गेली. त्यानं असा ताव येतो, झोप उडते, राग अनावर होतो."

"म्हंजे मी पागल नाही झाली?"

"अजिबात नाही. औषध आहे. तुमचं बीपी नीट आहे, छातीत गाठ नाही, गोळ्या सुरू करू. पण उद्याच फरक पडेल असं समजू नका, काही आठवडे लागतील." डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबली. "अंडाशयात काही खराबी होती का? चांगली असली तर या वयात शक्यतो ठेवतात."

"मले कोन सांगते! मी तं बेहोश होती."

"घरच्यांना विचारा."

परतीच्या जीपमध्ये बाई दाराशी बसली. गोळ्यांची पुडी डाव्या हातात, उजवा हात पदरात. वेडी नाही, हे ऐकून तिला जरा बरं वाटलं होतं. पण हात अजून परकाच होता, आणि तो परका कुणी केला हे कळायचं राहिलं होतं.

घरच्यांना म्हणजे दौलतरावला. हा तिचा नवरा ढोरांचा असा जाणकार, की मालेगावच्या बाजारात नुसत्या शेणाचा वास घेऊन बैलाचं वय आणि मालकाचं आडनाव सांगायचा. गोऱ्हा माजला की एकच इलाज त्याला ठाऊक होता. खच्ची करा, शांत होते. त्या दिवशी त्याच्या अंगणात नेमकं तेच चाललं होतं.

तुफान नावाचा त्याचा गोऱ्हा महिनाभर उच्छाद मांडून होता. त्याला खच्ची करायला कामरगावहून हरीओम आला होता. सोबत त्याचा तो हातभर लांबीचा लोखंडी चिमटा, ज्यात नस दाबली की काम झालं. गोऱ्ह्याचे चारही पाय दोरांनी बांधून त्याला आडवा पाडला होता. डोक्यावर रवी बसलेला, पाठीवर शेषराव, शेपटीशी दौलतराव.

दोघी रस्त्यावर उतरल्या आणि कडब्याच्या गंजीमागून अंगणाकडं वळल्या, तेवढ्यात शेषरावचा आवाज आला. दात गेल्यापासून तो बोलला की शिट्टी वाजे.

"दौलतराव, हा तं शांत होईन, पण तुमची घरधनीण कवा शांत होईन? माहा एक दात जमा हाये तुमच्याकडं."

"तेच तं समजून नाही राह्यलं बे," दौलतराव म्हणाला. "मी तं पक्का बंदोबस्त केला होता. आपरेशन चालू असता डाक्टर बाहीर आला. म्हणे, पिशवी काढली, बाजूच्या दोन गाठोड्या चांगल्या हायेत, ठेवू का काढू? मी म्हटलं, काढा. गोऱ्ह्याचं काढलं का गोऱ्हा गाय होते. हिचं तोंड लय चालते, म्हटलं थोडी शांत होईन."

"मंग?"

"मंग काय! उलटंच झालं ना बाप्पा. बैलाचा हिशेब बाईले लागूच नाही पडला."

शेषराव शिट्टी वाजवत हसला. हरीओम हसला. रवी हसला नाही. त्याला गंजीमागून येणारी आई दिसली होती.

तो बसल्या जागेवरून उडाला. गोऱ्ह्याचं डोकं मोकळं झालं. तुफाननं एकच हिसडा दिला आणि चारही दोर भिजल्या सुतळीगत तुटले. शेषराव पाठीवर होता तो तसाच वर गेला. इतका वर, की त्याला तिथून मानोरा गावची पाण्याची टाकी दिसली. खाली आला तो कडब्यात उलटा रुतला, बाहेर फक्त टाचा. हरीओम पळायला वळला तर शिंग त्याच्या धोतरात घुसलं. धोतर शिंगावर राहिलं आणि हरीओम भिंतीवरून पलीकडं गेला. चिमटा मात्र अंगणात पडला.

तो भागिरथाबाईनं उचलला.

आता दौलतराव मधे होता. एका बाजूला माती उकरणारा, तोंडाला फेस आलेला गोऱ्हा. दुसऱ्या बाजूला चिमटा उघडून येणारी बायको. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. ढोरांची पारख जन्मभर केलेला माणूस तो. त्यानं बरोबर पारख केली आणि गोऱ्ह्याकडं पळाला.

गोऱ्ह्यानं त्याला छातीवर घेतला. बरगड्या कडकडल्या. एकदा वर फेकला, खाली येताना झेलला, दुसऱ्यांदा फेकला तो उकिरड्यात. तिसऱ्या खेपेला शिंगं खाली घालून तो उकिरड्याकडं निघाला तेव्हा बाई आडवी आली. चिमटा तिनं गोऱ्ह्याच्या नाकाडावर असा हाणला की रक्ताची चिळकांडी तिच्या निळ्या साडीवर उडाली. गोऱ्हा गुडघ्यावर आला. उठला, बाईकडं पाहिलं, आणि काय समजायचं ते समजून भिंत ओलांडून कामरगावच्या रस्त्याला लागला. शिंगावर धोतर फडकत होतं. त्या दिवशीच्या एस.टी.ला त्यानं वाटेत मागं टाकलं.

"बाजू हो रे, ते माहं हाये," असं बाई गोऱ्ह्याला म्हणाली होती. धम्मदीपानं ते स्पष्ट ऐकलं.

दौलतराव शेणात उताणा पडला होता. त्याच्या उजव्या पायाशी येऊन बाईनं चिमटा उघडला. आणि नेमका त्याच वेळी बेंबीखालून ताव उठला.

छातीवर आला, कानात शिरला. हात उठायला लागला. आता हा जाणार, आपल्याला न विचारता जाणार, हे तिला कळलं. ती मागं सरली, गव्हाणीच्या काठावर बसली आणि चिमटा मांडीवर घट्ट दाबून धरला.

"थांबा," ती म्हणाली. "आता गरमी हाये."

भिंतीवर एव्हाना अर्धं गाव बसलं होतं.  बाईच्या अंगातून अशा वाफा निघत होत्या की गव्हाणीतला हिरवा चारा पिवळा पडला आणि मांडीवरच्या चिमट्याला लाली चढली.

"आई, जाऊ दे ना," रवी म्हणाला.

"तू गप. डोक्यावर बसला होता ना गोऱ्ह्याच्या? बस तिथंच."

दौलतराव कण्हत म्हणाला, "भागे, तुह्याच भल्यासाठी..."

"मले इचारलं काहून नाही?"

"तू बेहोश होती वो."

"मंग मी कायम बेहोश राहणार होती का? चार तासांनी उठली ना मी? चा बी मांगतला. तवा सांगता नाही आलं?"

दौलतरावनं फाटकाकडं पाहिलं. पळायला वाट होती, पण बरगड्या मोडलेल्या, आणि धम्मदीपा वाटेत उभी होती.

ताव उतरला. कपाळावरचा घाम बाईनं पदरानं पुसला. चिमटा निवला. तिनं उजवा हात डोळ्यांसमोर धरला, बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. हात आता तिचं ऐकत होता. ती उठली, सावकाश चालत आली, उकिरड्यात गुडघ्यावर बसली.

"नीट ऐका. फॅन मी नाही फेकला. शेषरावभाऊचा दात मी नाही पाडला, त्यायची मी माफी मागतो. पोरीवर हात मी नाही उचलला. ते सारं तुमी काढून घेतलं त्याच्यानं झालं. पण हे मी करून राह्यली. थंड डोक्यानं. मंग म्हणू नका का बाई गरमीत होती."

कडब्यातून शेषरावच्या टाचा हलल्या. माफी पोचली असावी.

दौलतरावनं दोन्ही हात जिथं झाकायला न्यायचे तिथं नेले आणि डोळे मिटले. बाईनं त्याच्या उजव्या पायाचा अंगठा निवडला, चिमट्याच्या दातांत नीट बसवला, आणि मिटला.

तो आवाज मालेगावच्या बाजारात ऐकू गेला. तिथले सारे बैल एकदम खाली बसले, आणि त्या दिवशी तिथं एकही सौदा झाला नाही. दौलतरावची किंकाळी मागून पोचली.

संध्याकाळी त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. स्नेहाही हट्टानं सोबत आली. ती आईच्या मांडीवर बसली, पण या वेळी आजीच्या तोंडाकडं पाहत होती. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं बरगड्या बांधल्या, मग अंगठा उजेडात धरला. हाडाचा भुगा झाला होता. तो नातेवाईक शोधत बाहेर आला आणि भागिरथाबाईला म्हणाला, "मावशी, अंगठ्याचं टोक ठेवून पाहता येईल, पण सडायची भीती आहे. काढलं तर लवकर मोकळे व्हाल. काय करू? ठेवू की काढू?"

रवीनं खाली पाहिलं. धम्मदीपानं वर पाहिलं.

"त्यायले शुद्ध हाये ना?" बाईनं विचारलं.

"हो, आहे की."

"मंग मले काहून इचारता? पाय त्यायचा हाये. त्यायले इचारा."

डॉक्टर आत गेला. भागिरथाबाई पायरीवर बसली, पुडीतली पहिली गोळी काढली आणि धम्मदीपाकडं पाण्याची बाटली मागितली. आतून दौलतरावचा आवाज येत होता.

"ठेवा... नाही, थांबा. काढलेलं बरं का? दुखन काय हो? नाही नाही, ठेवाच... अवो भागे! तू काय म्हणतं?"

बाईनं गोळी गिळली. बाटलीला झाकण लावलं. दवाखान्याचे दिवे लागले तरी दौलतरावचं ठरत नव्हतं.