थोरल्या जावयाची किमान रक्कम

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या माणसाला जग स्वच्छ दिसत असेल, असा लोकांचा समज असतो. थोरले जावई त्या खोलीत सव्वीस वर्षे बसत होते. समोर पाणी ठिबकणारे घासायचे चाक, डाव्या हाताला फ्रेम मऊ करायची गरम मण्यांची वाटी, उजव्या हाताला गिऱ्हाइकांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या. काच खोबणीत बसायला केसभर मोठी असली तरी ते नुसत्या अंगठ्याने ओळखत. साडू मात्र त्यांना कधी धड दिसला नाही. म्हणजे दिसायचा, हवा त्यापेक्षा जास्तच दिसायचा, आणि दिसला की खुपायचा.

साडू इमारतींना लिफ्ट विकायचा. थोरले मनातल्या मनात त्याला लिफ्टवालाच म्हणत. त्यांच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, जावई म्हणून तर नऊ वर्षांनी कनिष्ठ, आणि तरीही सासरच्या माणसांत वरच्या मजल्यावर राहायला गेलेला.

त्याचे कारण महिन्याच्या शेवटच्या रविवारी घडायचे. त्या दिवशी सासू-सासरे, मेहुणा आणि त्याची बायको, दोन्ही मुली, जावई आणि नातवंडे असे सगळे हॉटेलात जेवायला जात. पूर्वी बिल सासरे द्यायचे. ते निवृत्त झाले त्या महिन्यात वेटरने बिलाचे काळे पाकीट टेबलावर ठेवले, क्षणभर सगळ्यांनी पाणी प्यायल्यासारखे केले, आणि लिफ्टवाल्याने शर्टाच्या खिशातून कार्ड काढून पाकिटात सरकवले. बिलाकडे न बघता.

हे 'न बघता' थोरल्यांच्या जिव्हारी लागले. पैसे काय, कोणीही देतो. पण आकडा न बघता द्यायचे म्हणजे हद्द झाली. ते स्वतः पेन्सिल विकत घेतली तरी पावती उजेडात धरून वाचत. आणि हा गृहस्थ पाकीट मिटून वेटरकडे देतो, वर आइस्क्रीम कुठले चांगले ते विचारतो.

"जावईबापूंचं हे बरं असतं," सासूबाई म्हणाल्या. "गाजावाजा नाही की काही नाही."

त्या वेळी थोरल्यांच्या तोंडात भाताचा शेवटचा घास होता. तो त्यांनी दोन मिनिटे चावला.

अशी दोन वर्षे गेली. चोवीस रविवार ते साडूच्या पैशांनी जेवले, असा त्यांचा हिशोब होता, आणि त्यातला एकही त्यांना पचला नाही. घरी येताना ते बायकोला विचारत, "एवढी मिळकत असते का गं लिफ्टमध्ये?" बायको म्हणे, "असेल. चढ-उतार चालायचाच." तिला या विषयात रस दिसत नसे. ती चारचौघांत नवऱ्याचे एकच कौतुक करायची, आणि ते न चुकता करायची: "आमच्याकडे कुणाची एक पै देणं नसतं. हे फार हिशोबी आहेत." थोरल्यांना पूर्वी हे ऐकून बरे वाटायचे. आता हिशोबी म्हणजे चिक्कू असे ऐकू येऊ लागले.

मग एके दिवशी वाचायचा चष्मा न्यायला एक बँकवाली मुलगी दुकानात आली. चष्मा नाकावर बसतो का ते पाहता पाहता तिने विचारले, "काका, तुमच्याकडे क्रेडिट कार्ड नाही?" एरवी थोरल्यांनी तिला दारापर्यंत पोचवले असते. त्या दिवशी त्यांनी फक्त विचारले, "शर्टाच्या खिशात मावतं का?"

बाराव्या दिवशी कार्ड आले. एक लाखाची मर्यादा, गडद निळा रंग, कोपऱ्यात चकाकणारे नक्षीकाम. थोरल्यांनी ते भिंगाखाली धरून पाहिले. लिफ्टवाल्याचे राखाडी होते. निळे निश्चितच उजवे होते.

त्या रविवारी आइस्क्रीम यायच्या आत ते हात धुवायला म्हणून उठले आणि गल्ल्यावर जाऊन बिल भरून आले. लिफ्टवाला खिशात हात घालतो तर वेटर म्हणाला, "साहेब, बिल झालं." लिफ्टवाल्याचे तोंड स्पष्टपणे उतरले. "अहो दादा, तुम्ही कशाला?" तो म्हणाला. थोरले म्हणाले, "असू दे हो, त्यात काय." हे वाक्य त्यांनी दुकानातल्या आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिले होते. सासूबाई म्हणाल्या, "अरे वा, आज थोरले का?" बस्स, तेवढेच. पण थोरले घरी चालत आले नाहीत, तरंगत आले.

महिन्याने स्टेटमेंट आले. एकूण देय रक्कम दहा हजार दोनशे. त्याच्या खाली, जरा मोठ्या अक्षरांत, किमान देय रक्कम पाचशे दहा. थोरल्यांनी दोन्ही आकडे वाचले आणि बँकेचा सभ्यपणा पाहून त्यांना गहिवरून आले. त्यांच्या धंद्यातही असेच चालायचे. गिऱ्हाईक फ्रेम निवडताना थोडी आगाऊ रक्कम ठेवते, बाकीची चष्मा नेताना देते, आणि मधल्या दिवसांचे कोणी काही मागत नाही. बँकही तसाच दम धरणार, यात त्यांना शंका वाटली नाही. त्यांनी पाचशे दहा भरले आणि उरलेल्या पगाराकडे पाहून ते खूश झाले.

पैसे उरले आहेत असे एकदा वाटले की ते कुठे घालवायचे, हे साडू न विचारता सुचवत असतो. लिफ्टवाल्याच्या पायात तपकिरी चामड्याचे बूट होते. थोरल्यांनी घेतले, टाचेला आणखी एक शिवण असलेले. त्याचे पाकीट सडपातळ होते. थोरल्यांनी असे घेतले की त्यात कार्डाशिवाय काही राहीच ना. दुपारी डबा सोडून ते कोपऱ्यावर कॉफी प्यायला जाऊ लागले, कारण मेहुणीच्या बोलण्यात एकदा आले होते की "ह्यांना बाहेरची कॉफी लागते". दर शेवटच्या रविवारी हात धुण्याचा कार्यक्रम तर होताच. थोरल्यांचे हात इतके स्वच्छ कधीच नव्हते.

सातव्या स्टेटमेंटवर ब्याऐंशी हजारांचा आकडा होता. त्यातले दोन हजार सातशे एका ओळीत वेगळे दाखवले होते आणि पुढे लिहिले होते 'व्याज'. थोरल्यांनी ती ओळ तीनदा वाचली. मागची सहा स्टेटमेंटे काढली. पहिले सोडून प्रत्येकावर ती होती, अगदी बारीक, आणि सगळ्यात बारीक अक्षरांत महिन्याला साडेतीन टक्के असा खुलासा. दुसऱ्यांना जवळचे वाचायला लावून पोट भरणाऱ्या माणसाने तेवढेच वाचले नव्हते.

शहाण्या माणसाने तिथेच कार्ड कापले असते. पण नेमक्या त्याच आठवड्यात सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस ठरला. तीस माणसे, हॉटेलचा वरचा हॉल. लिफ्टवाला सगळ्यांसमोर म्हणाला, "बिलाचं मी बघतो."

बघतो म्हणे. कधी बघितले होते?

थोरल्यांनी आकडेमोड केली. बिल सत्तावीस हजारांच्या घरात जाणार. कार्डावर शिल्लक मर्यादा अठरा. म्हणजे दहा हजार तरी आधी भरून जागा करायला हवी, नाहीतर तीस माणसांसमोर, त्यातही सासऱ्यांच्या व्याह्यांसमोर, राखाडी कार्ड निघणार आणि सात महिन्यांची मेहनत पाण्यात. पगार संपला होता. उरला एकच मार्ग.

बायको स्वयंपाकघरात डबे पुसत होती. दुपारचे ऊन ओट्यावर आले होते.

"अगं, घरखर्चातले दहा हजार असतील का बाजूला?" त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले.

"बाजूला आहेत, पण एफडीत आहेत. मोडायच्या नाहीत."

"कसल्या एफडी?"

"त्याच हो. तुमच्या बिलांच्या."

थोरले खुर्चीवर बसले. बायकोने हात पुसले, कपाटातून प्लॅस्टिकची फाइल आणली आणि सात पावत्या त्यांच्यापुढे पत्त्यांसारख्या मांडल्या. दहा हजार, दहा हजार, नऊ हजार आठशे, अशा.

"हॉटेलातून आलं की वहिनी हिशोब टाकते ना आमच्या ग्रुपवर," ती म्हणाली. वहिनी म्हणजे मेहुण्याची बायको, शाळेत गणित शिकवायची. "आई-बाबांचं धरून तीन घरांत सारखं. धाकटी आणि वहिनी मला पाठवतात, मी त्यात आपला हिस्सा घालते आणि ठेवून देते. सात टक्के मिळतात. म्हटलं वर्षाअखेरीस तुम्हाला दाखवू."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी मी धाकटीला पाठवत होते. दर महिन्याला तीन-साडेतीन हजार."

"म्हणजे तो आपल्याला जेवू घालत नव्हता?"

"भाऊजी? ते कशाला घालतील? दर महिन्याला अकरा माणसांना? वेड लागलंय का कुणाला?"

थोरल्यांच्या आयुष्यातला हा अतिशय सुंदर क्षण होता. चोवीस रविवार एकदम पचले. लिफ्टवाला तळमजल्यावर येऊन आदळला होता. तो क्षण फार टिकला नाही, कारण त्याच लिफ्टमध्ये आपणही उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनीही कुणाला जेवू घातले नव्हते. सात महिने ते मान ताठ करून हॉटेलातून बाहेर पडत होते आणि मागे बायका फोनवर माणशी किती ते काढत होत्या.

"मग आई त्याचं एवढं कौतुक कशाचं करतात?"

"बिलावर वाद घालत नाही म्हणून. बाबा प्रत्येक वेळी वेटरला बोलावून भांडायचे. तुम्हीही वाचत बसता."

"तो वाचतच नाही."

"वाचणार कसा? त्यांना जवळचं दिसत नाही. अडीच-तीन वर्षं झाली. धाकटी मागे लागलीये चष्मा करा म्हणून, तर म्हणतात दादांकडे गेलो तर घरभर होईल."

थोरल्यांनी डोळे मिटले. शर्टाच्या खिशातून कार्ड काढणारा तो हात त्यांना दिसला, आणि त्या वेळी किंचित मागे जाणारे डोके. असे मागे जाणारे डोके दुकानात शिरले की ते गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत नंबर सांगत.

"मला आपलं वाटलं," बायको पावत्या गोळा करत म्हणाली, "की तुम्ही पॉइंटसाठी भरताय. भाऊजी त्यासाठीच भरायचे. त्यांना त्यावर प्रवासाची बॅग मिळणार होती, नऊशे पॉइंट कमी पडले आणि तुम्ही मध्ये आलात. धाकटी म्हणाली, जाऊ दे, दादांची हौस आहे." मग ती थांबली. "दहा हजार कशाला हवेत?"

खोटे बोलायला सात महिन्यांत थोरले शिकले होते. फोन बिघडलाय म्हणता आले असते. दात म्हणता आले असते. पण समोर सात टक्क्यांच्या पावत्या होत्या, आणि त्या ठेवणाऱ्या बाईला 'हिशोबी' या शब्दाचा खरा अर्थ ठाऊक होता. त्यांनी सडपातळ पाकीट काढून टेबलावर ठेवले आणि त्यावर स्टेटमेंट.

बायकोने चष्मा लावला. तो त्यांनीच केलेला होता, त्यामुळे तिला सगळे वाचता आले.

व्याजाच्या ओळीवर तिने बोट ठेवले. मग म्हणाली, "वर्षाचे किती होतात हे?"

"बेचाळीस टक्के."

"मी सात मिळवत होते."

"हो."

"त्याच पैशांवर."

"त्याच."

"का पण? आजारपण नाही, अडचण नाही."

"तो बघत नव्हता ना बिलाकडे," ते म्हणाले.

बायको हसेल असे त्यांना वाटले होते. ती हसली नाही. "आता मी चारचौघांत काय सांगू तुमच्याबद्दल?" एवढेच म्हणाली, आणि तिने डबे पुन्हा पुसायला घेतले, मघाशी पुसलेलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तिने सातही एफडी मोडल्या. सत्तर हजार कार्डात गेले. उरले बारा हजार. ते मात्र निव्वळ बूट, कॉफी आणि साडू यांचे. "हे तुमच्या खिशातून," तिने सांगितले. "आणि फिटेपर्यंत बिल भाऊजी भरतील. परवाचंसुद्धा. तुम्ही जागेवरून उठायचं नाही."

वाढदिवसाला थोरले उठले नाहीत. केक झाला, भाषण झाले, काळे पाकीट आले. सवयीने तीस जणांतले निदान पाच-सहा जण थोरल्यांकडे पाहू लागले. "थोरले, हात नाही धुवायचे आज?" मेहुण्याने विचारले. थोरल्यांनी दोन्ही हात टेबलाखाली मांड्यांखाली धरून ठेवले होते. राखाडी कार्ड निघाले. व्याही कौतुकाने मान हलवताना त्यांना दिसले, आणि पोटात नेहमीच्या जागी नेहमीसारखे दुखले. खरे काय ते कळल्यावर दुखणे थांबते, हा त्यांचा समज गैर निघाला.

वेटर मशीन घेऊन गेल्यावर ते साडूकडे झुकले.

"तुम्ही दर महिन्याला पूर्ण भरता का हो? कार्डाचं?"

"हो," लिफ्टवाला म्हणाला. "मग, नाहीतर कसं भरतात?"

त्याच्या चेहऱ्यावर कसलाही आव नव्हता. त्याला खरोखरच दुसरी रीत ठाऊक नव्हती. कार्डाचा, बुटांचा, आकडा न बघण्याचा हेवा करून झाला होता. आता या न ठाऊक असण्याचा थोरल्यांना असा काही हेवा वाटला की मागचे सगळे हेवे त्यापुढे किरकोळ वाटावेत.

"काही नाही, सहज," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मंगळवारी दुपारी दुकानात कुणी नसतं. मागच्या दाराने या. मी बोलणार नाही कुठे."

लिफ्टवाल्याने त्यांच्याकडे पाहिले, डोके किंचित मागे नेऊन. मग त्याने हळूच मान डोलावली.

पलीकडे गणितवाली वहिनी फोनवर आकडे टाकायला बसली होती. वेटर दुसऱ्यांदा आइस्क्रीम विचारत आला.

"वहिनी," थोरल्यांनी विचारले, "हे ज्याचं त्याचं धरता, की सगळ्यांत वाटून?"

वहिनीने चमकून त्यांच्या बायकोकडे पाहिले. बायको ताटातल्या चमच्याशी खेळत होती.

"वाटून," वहिनी म्हणाली.

"मग मला दोन द्या," थोरले वेटरला म्हणाले.