बोटभर जागा शिवणीला

माझ्या सुनेची एक खोड मला मुळीच आवडत नाही. समोरचा चुकला तरी ती बोलून दाखवत नाही. गप्प राहते आणि मागाहून स्वतःच निस्तरते. मी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेत. चूक तोंडावर सांगितल्याशिवाय मला अन्न पचत नाही.

परवा तिला शिवणशाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी व्हिडिओ पाठवायचा होता. सदऱ्याला कॉलर कशी लावायची, एवढंच. मुदत पाच वाजेपर्यंत. लॅपटॉपवर वरच्या पट्टीत चित्राचे तुकडे, खालच्या पट्टीत तिचा आवाज, असं जुळवत बसली होती. जेवायला उठताना म्हणाली, "आई, झालंच आहे. शेवटचे दोन तुकडे जोडायचे राहिलेत."

मी चौथी नापास. पण जोडायचं म्हटल्यावर माझे हात स्वस्थ बसतात होय? चौकड्याच्या कापडाची रेघ रेघेला जुळवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. बसले खुर्चीत.

तर ते यंत्र भलतंच आगाऊ. तुकडा ठेवावा तिथे राहीना, शेजारच्याला जाऊन चिकटे. वर चुंबकाचं चित्र दिसलं. म्हटलं, हाच तो चोंबडा. त्याच्यावर टिचकी मारली, तसा गप झाला. मग पाहते तो काय, सुनेने शिवणीसाठी कुठेच माया सोडलेली नाही. कडेला कड भिडवून कोणी शिवतं का? पहिल्या धुण्यातच उसवेल. मी वरच्या पट्टीतले सगळे तुकडे सरकवून मध्ये बोटभर जागा सोडली. मान दुखेपर्यंत.

चार वाजता तिने व्हिडिओ लावला. दर तुकड्यानंतर पडदा काळाकुट्ट. आवाज म्हणतोय, "आता कात्री चालवा," आणि चित्रात ती अजून टेपने गळा मोजतेय.

"लाइटीचा दोष असेल," मी म्हणाले.

"लाइटीला खुर्चीत बसलेलं मी पाहिलंय," आमचे हे पेपरामागून पुटपुटले.

सुनेने पट्टीवर नजर फिरवली. "फटी मात्र अगदी एकसारख्या आहेत," एवढंच म्हणाली.

माझ्या हाताच्या सफाईनेच मला पकडून दिलं. मग कबूल केलं. शिवणीला जागा सोडली, म्हटलं.

ती ओठ चावत हसू दाबत होती. चुंबक चालू करून तिने तुकडे सरकवले, तसे ते पटापट एकमेकांना चिकटत गेले. "इथे शिवण नसते, आई. कडेला कडच लागते." मग मी शेजारी बसून खालचा आवाज ऐकत गेले, "मोजणं झालं, आता कात्री" असं सांगत गेले, आणि ती चित्र बरोबर त्याच्यावर आणत गेली. पाचाला तीन मिनिटं असताना व्हिडिओ रवाना झाला.

लॅपटॉप मिटत म्हणाली, "तुमच्यामुळे पटकन झालं, आई."

आता मात्र मला राहवेना.

"खोटं बोलू नकोस. माझ्यामुळे तुझी नोकरी जाता जाता राहिली. वर्गात अशी गोड बोलत बसलीस तर पोरी उलट्या कॉलरी लावून घरी जातील. शिकवायला निघालीस ना, मग समोरच्याला चुकलं म्हणायला शीक. आणि ही जागा नाही मिळाली तर सासूने घालवली असं चारचौघांत सांग. मी नाही म्हणणार नाही."