नकाशातलं भ.भू.

"मागे सरका, भूमी श्वास घेतेय," फुंकरबाबा म्हणाला आणि दोनशे माणसं चार पावलं मागे सरकली. भर दुपारचं ऊन, ओसाड मैदान, मधोमध जमिनीला पडलेली हातभर भेग. बाबाने वरूनच फुंकर मारली, चिमूटभर भस्म टाकलं, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे पिवळीधमक ज्वाला उठली. लोकांनी हात जोडले. नगराध्यक्षांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी सह्या करायची त्यांना सवय आहेच.

मी नगरपालिकेचा आरेखक, म्हणजे गावाचे नकाशे काढणारा. काखेत मैदानाचा नकाशा होता आणि पाय एका जागी ठरत नव्हते. तीन वाजता सभा होती. मैदानावरची बांधकामबंदी उठवून तिथे सभागृह आणि बालवाडी बांधायचा ठराव. बालवाडीची बाई म्हणजे माझीच मुलगी. तिची बत्तीस पोरं इथे बसणार होती.

"ही भूमी ब्रह्मांडाच्या तिसऱ्या नाकपुडीवर आहे," बाबा म्हणाला. पहिल्या दोन कुठे, हे कोणी विचारलं नाही.

"नकाशातही लिहिलंय," नगराध्यक्ष म्हणाले. "भक्तिभूमी. आपल्याच दप्तरात."

लिहिलं होतं खरं, आणि लिहिणारा मीच. गेल्या वर्षी जुना नकाशा फाटला म्हणून नवा काढला. जुन्यावर या जागी नुसतं 'भ.भू.' होतं. साहेब म्हणाले, पूर्ण शब्द लिहा. कोणाला विचारायचा कंटाळा केला आणि 'भक्तिभूमी' लिहून मोकळा झालो. तीन दिवसांपूर्वी माळ्यावर नकाशातल्या खुणांचे अर्थ लिहिलेली जुनी वही सापडली. ती मी कोणाला दाखवली नाही.

"बाबा, एखादा कोरा कागद आहे का?" माझ्या शेजारी उभ्या मुलीने विचारलं. दोन्ही बाबा वळले.

मी कागद दिला. ती भेगेकडे निघाली. आता तिथे काहीच दिसत नव्हतं.

"ताई, ज्योत अंतर्धान पावली," फुंकरबाबा घाईने म्हणाला. "आता उद्या."

तिने लांबूनच कागदाचं टोक भेगेवर धरलं. ते काळवंडलं आणि पेटलं. तिने तो मातीत विझवला आणि छत्री उघडून भेगेवर सावली केली. सावलीत फिकट निळी ज्योत शांतपणे जळत होती.

"अंतर्धान कसली, ती उन्हात दिसत नाही एवढंच. खालून वायू येतोय. पहाटे कोणीतरी काडी लावून जातं." मग तिने बाबाच्या वाटीतलं भस्म बोटावर घेऊन चाटलं. "राखेत मीठ कालवलंय. मीठ पडलं की निळी ज्योत पिवळी होते."

"खरंच की," गर्दीतली एक आजी म्हणाली. "गॅसच्या शेगडीवर खारं पाणी उतू गेलं की असंच होतं. मी उगाच दोन तास उन्हात उभी राहिले."

लोक हसले. नगराध्यक्ष मात्र हटेनात. "वायू तर वायू. भक्तिभूमीतून आलाय ना?"

मुलगी माझ्याकडे वळली. "बाबा, खाली काय आहे?"

नोकरी डोळ्यांपुढे आली, मग ती बत्तीस पोरं आली. "कचरा," मी म्हणालो. "भ.भू. म्हणजे भरावभूमी. गावाने वीस वर्षं इथे कचरा पुरला. वहीत स्पष्ट लिहिलंय, वायूचा धोका, बांधकाम करू नये. भक्तिभूमी ही माझी चूक आहे."

"हे कधी कळलं तुम्हाला?" तिने हळूच विचारलं.

"तीन दिवस झाले."

"काल मी पोरांना जागा दाखवायला आणलं होतं," ती म्हणाली आणि छत्री मिटून निघून गेली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

सभेत मी वही वाचून दाखवली, ठराव बारगळला. अग्निशमन दलाने ज्योत विझवून मैदानाला कुंपण घातलं. फुंकरबाबा तोवर पसार झाला होता.

तो भामटा होताच. पण त्याच्या भामटेपणाला सरकारी कागद मी पुरवला, आणि खरं कळल्यावरही गप्प बसलो. म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की जवळ जाऊन तपासा. कागदावर लिहिलंय असं कोणी म्हणालं, तर कोणी लिहिलं आणि कशावरून, हे विचारा. आणि ठाऊक असेल तर त्याच दिवशी बोला. मुलगी अजून माझ्याशी धड बोलत नाही, आणि तिचं काही चुकत नाही.