एक लांब, दोन आखूड

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि मी रागावलो आहे. आधी जन्म सांगायचा असतो, म्हणून सांगतो. एका दुकानाच्या मागच्या खोलीत चार कंपन्यांचे भाग जोडून मला उभं केलं. मग नऊ वर्षं वहिनींच्या टेबलाखाली बसून मी घरांचे नकाशे सांभाळले. पोटात धूळ गेली, तक्रार केली नाही. कौतुक एकदाच झालं. "पाय शेकायला बरा आहे," असं आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे वहिनींचे सासरे.

परवा वहिनींना पहिलं स्वतःचं काम मिळालं. चारच्या आत घराचं रंगीत चित्र द्यायचं, नाहीतर काम दुसऱ्याकडे. माझ्याच्याने ते ओढवेना, म्हणून त्यांचे दीर नवं ग्राफिक्स कार्ड घेऊन आले. दिरांना कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. हे त्यांनीच सांगितलं.

त्यांनी माझं झाकण काढलं, कार्ड बसवलं, बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळी. कार्डाला वीज पुरवणारी वेगळी वायर जोडलीच नव्हती! मी ओरडलो. एक लांब शिट्टी, दोन आखूड. म्हणजे कार्डाची अडचण आहे. याहून स्पष्ट बोलायला मला तोंड नाही.

"वहिनी, हा गेला."

"असा कसा गेला? सकाळी तर चालत होता!"

"म्हातारा झालाय. भंगारात द्या."

"भावोजी, माझं सगळं काम त्याच्या पोटात आहे हो!"

"मग सगळं पुसून नव्याने भरू की."

पुसून! ताप आला म्हणून तुम्ही माणसाचा मेंदू धुता का? मी पुन्हा शिट्टी मारली.

"त्याचं तोंड बंद करा आधी," आप्पा पेपराआडून म्हणाले.

माझ्या शिट्ट्यांचे अर्थ सांगणारी पुस्तिका घरातच होती. टेबल डुगडुगतं म्हणून त्याच्या पायाखाली घडी करून घातलेली. पावणेतीनला वहिनी वायरी तपासायला वाकल्या आणि त्यांना ती दिसली. दिरांनी टेबल उचलून धरलं, वहिनींनी पान काढून वाचलं.

"भावोजी, हा कार्डाबद्दल ओरडतोय. खोक्यात आणखी काय होतं?"

दिरांनी आप्पांकडे पाहिलं. नव्या वस्तूचं खोकं गॅरंटीसाठी जसंच्या तसं ठेवायचं, हा आप्पांचा नियम. कार्ड बाहेर येताच त्यांनी उरलेलं सगळं आत घालून, चिकटपट्टी गुंडाळून खोकं कपाटावर चढवलं होतं. वहिनींनी ते कात्रीने फाडलं. आत वायर.

"आप्पा, ही जोडायची असते!"

"असं? मला वाटलं खोक्याचीच आहे."

वायर जोडली. मी पहिल्या दमात उठलो. चारला दहा कमी असताना चित्र गेलं, काम वाचलं. दीर म्हणाले, "कार्ड एक नंबर आहे!"

कार्ड! मित्रांनो, घरातलं जुनं कुणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर त्याचं तोंड बंद करण्याआधी काय सांगतंय ते ऐका. एवढंच मागणं आहे.

आता पुस्तिका माझ्या डोक्यावर असते आणि टेबलाच्या पायाखाली त्या खोक्याचा तुकडा. आप्पा वहिनींशी दोन दिवस बोललेले नाहीत. माझा राग थोडा उतरला आहे. थोडाच. झाकण उघडलं होतं तरी धूळ कुणी पुसली नाही.